दिवाळीचा शुक्रवार आणि अमरावतीचे वितरक

हिंदी चित्रपटाची देशभरातली कमाई धंद्यातले लोक ज्या तक्त्यात मांडतात, त्यात महाराष्ट्र नावाचा रकाना सापडत नाही. मुंबई आहे, निजाम आहे, म्हैसूर आहे, ईस्ट पंजाब आहे, आणि सीपी बेरार आहे. बेरार म्हणजे आपला वऱ्हाड. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत इंग्रजांनी १९०३ मध्ये एकत्र बांधला. स्वातंत्र्यानंतर त्याचा मध्य प्रदेश झाला. १९५६ च्या पुनर्रचनेत वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. चित्रपटवाल्यांनी जुनी हद्द सोडली नाही. विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडचा मोठा पट्टा त्यांच्या लेखी आजही एकच टेरिटरी आहे.

या टेरिटरीचे व्यवहार नागपुरातून चालत असतील असे कुणालाही वाटेल. शहर मोठे, जुनी राजधानी, हायकोर्टाचे खंडपीठ तिथे. पण वितरकांची दुकाने थाटली गेली ती भुसावळला आणि अमरावतीला. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही वितरक-प्रदर्शकांची संघटनाही भुसावळची. असे का, याचे उत्तर रेल्वेच्या नकाशात दिसते. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची लाइन भुसावळला दुभंगते. एक फाटा इटारसी-जबलपूरकडे जातो, दुसरा अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला. हा दुसरा फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोचला तो कापसासाठी. पुढच्या शतकात त्याच रुळांवरून पत्र्याच्या पेट्यांत बंद केलेली रिळे वऱ्हाडात उतरू लागली.

ब्रिटनमध्ये नाताळच्या रात्री बीबीसी आणि आयटीव्ही प्रेक्षकांसाठी भिडतात, त्याच्या कथा जगभर सांगितल्या जातात. १९८६ च्या नाताळात 'ईस्टएंडर्स' या मालिकेचा भाग तीन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, हा तिथला गाजलेला आकडा. कोणता कार्यक्रम किती वाजता ठेवायचा, समोरच्याच्या हुकमी कार्यक्रमासमोर काय लावायचे, याचे डावपेच तिथे महिनोन् महिने आधी सुरू होतात. आपल्याकडे सणाच्या प्रेक्षकासाठीची तशी खरी लढाई दिवाणखान्यात नाही, टॉकीजच्या खिडकीवर लढली गेली. तिचा सण दिवाळी. आणि ती लढणाऱ्यांपैकी बरेचजण आपल्या अमरावतीत बसलेले होते, ही गोष्ट खुद्द अमरावतीकरांनाही फारशी आठवत नाही.

शहराच्या अंगावर मात्र तिच्या खुणा आहेत. प्रभात चौक, सरोज चौक, चित्रा चौक, श्याम चौक ही नावे टॉकीजांची आहेत. पुढाऱ्यांच्या आणि संतांच्या नावांच्या बरोबरीने एखाद्या शहराने आपले चौक टॉकीजांच्या नावाने ओळखावेत, इतका हा धंदा तिथे मुरला होता. अकोल्यातही माणेक टॉकीज आणि वसंत टॉकीज ही नावे पत्ता सांगायला पुरेशी होती.

वितरक नेमके काय करतो, हे प्रेक्षकाला क्वचितच ठाऊक असते. मुंबईत चित्रपट तयार होत असतानाच, कधी नुसत्या घोषणेवर, तो आपल्या टेरिटरीचे हक्क विकत घेतो. निर्मात्याला ठरलेली किमान रक्कम द्यायची, मग चित्रपट चालो वा पडो, त्याला मिनिमम गॅरंटी म्हणतात, बोलताना नुसते एमजी. त्या पैशाच्या वर जे सुटेल ते 'ओव्हरफ्लो', त्यात निर्मात्याचाही वाटा. टॉकीजवाल्याशी वितरकाचा वेगळा करार असे: कुठे टक्केवारी, कुठे ठरावीक भाडे, कुठे आगाऊ रक्कम. प्रिंटबरोबर वितरकाचा माणूस गावात जाई, तिकिटांची पुस्तके तपासे आणि प्रत्येक खेळाचा हिशेब डीसीआरवर, म्हणजे रोजच्या वसुलीच्या पत्रकावर लिहून घेई. वर्षभरात दहा चित्रपट घेतले तर सात बुडणार, हे धरूनच चालायचे. उरलेल्या दोन-तीनांनी बुडालेल्यांचे पैसे काढायचे, आणि त्यातला एक दिवाळीचा असावा अशी प्रत्येकाची इच्छा.

दिवाळीच का, याचे वऱ्हाडात फार ठोस कारण होते. दसऱ्याच्या आसपास पऱ्हाटीला बोंडे फुटतात, शेतात सीतादहीची पूजा होते आणि पहिली वेचणी सुरू होते. अकोल्याच्या बाजारात, जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या लागतात त्या याच दिवसांत. मजुराच्या हातात वेचणीचे पैसे, शेतकऱ्याच्या हातात पहिल्या कापसाचे, व्यापाऱ्याचे वहीपूजन आटोपलेले, कर्मचाऱ्याला बोनस मिळालेला. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. पैसे कधी मिळतात, किती हप्त्यांत मिळतात, याला सगळ्या बाजारपेठेत महत्त्व आले. कापडवाला, सोनार, फटाकेवाला यांच्याइतकेच टॉकीजवाल्याचेही डोळे खरेदी केंद्राकडे लागलेले असत. मुंबईतला निर्माता हिरो पाहून आकडा सांगे. अमरावतीच्या वितरकाला त्या वर्षीचा पाऊसही पाहावा लागे.

सण मोठा म्हणून सगळेच दिवस मोठे नसतात, आणि इथेच या खेळातले खरे कसब होते. दिवाळीच्या आधीचा आठवडा टॉकीजसाठी वर्षातल्या पडेल आठवड्यांपैकी एक. घरोघरी सफाई, रंगरंगोटी, फराळ, बाजार. कुणाला सवड नसते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर सहाचा खेळ ओस पडतो, कारण दुकानदार गल्ल्यासमोर आणि बायका दारातल्या रांगोळीशी. गर्दी फुटते ती पाडव्याला आणि भाऊबीजेला. माहेरी आलेल्या मुली, जावई, भाचरे, सगळे कुटुंब मिळून बाहेर पडते. म्हणून दिवाळीचा शुक्रवार म्हटले तरी तो लक्ष्मीपूजनाच्या आधी पडतो की नंतर, मध्ये किती दिवस राहतात, पाडवा शनिवार-रविवारला जोडून येतो का, याची गणिते पंचांग घेऊन केली जात. धंद्याच्या माणसाकडे कालनिर्णय असायचेच, पण तो त्यात मुहूर्त पाहत नसे, गर्दी पाहत असे.

१९८० च्या दशकात हा सगळा डोलारा हलला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले, व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर आले. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक इतक्या वेगाने उभे राहिले की रोज एक, असा हिशेब तेव्हा सांगितला जाई. जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी 'रामायण' सुरू असताना रस्ते रिकामे पडत. भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहण्याची चाल पडली आणि नव्या चित्रपटाची चोरटी कॅसेट टॉकीजमधल्या प्रिंटच्या आधी तालुक्याला पोचू लागली. कुटुंब टॉकीजपासून तुटले. त्याला परत आणण्याचे श्रेय धंद्यात एकमुखाने ज्या चित्रपटाला दिले जाते तो 'हम आपके हैं कौन', ऑगस्ट १९९४ चा. राजश्रीने त्याची कॅसेट बाजारात येऊ दिली नाही आणि मोजक्याच, नीट निवडलेल्या टॉकीजांत तो लावला. ही चाल एखाद्या निर्मात्याच्या नव्हे, वितरकाच्या डोक्यातून आलेली होती हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ताराचंद बडजात्यांनी १५ ऑगस्ट १९४७ ला राजश्री सुरू केली ती वितरण संस्था म्हणून. निर्मिती मागाहून आली.

पुढच्याच वर्षी दिवाळीला 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' आला. तारीख २० ऑक्टोबर १९९५, शुक्रवार. लक्ष्मीपूजन सोमवारी २३ ला आणि २४ ला सकाळी सूर्यग्रहण, देशाच्या काही भागांत खग्रास. पडेल आठवड्याचे शेपूट, पूजेची संध्याकाळ आणि ग्रहण, हे सगळे पहिल्याच पाच दिवसांत. तरी चित्रपट उचलला गेला आणि मग थांबलाच नाही. त्यानंतर दिवाळीचा आठवडा आपलाच, असे मोठ्या निर्मात्यांनी धरले आणि टकरी सुरू झाल्या. १६ ऑक्टोबर १९९८ ला 'कुछ कुछ होता है' आणि 'बडे मियाँ छोटे मियाँ' एकाच दिवशी लागले.

या टकरींपैकी वितरकाच्या नजरेने सर्वांत रंगतदार २००० सालची. २७ ऑक्टोबरला 'मोहब्बतें' आणि 'मिशन कश्मीर' समोरासमोर. जानेवारीत 'कहो ना प्यार है'ने 'मिशन कश्मीर'च्या हृतिक रोशनला घराघरांत नेले होते. जुलैपासून स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले होते आणि 'मोहब्बतें'तले अमिताभ बच्चन रात्री नऊला दिवाणखान्यात येत होते. म्हणजे छोट्या पडद्याने मोठ्या पडद्याच्या म्हाताऱ्या सिंहाला पुन्हा उभे केले आणि त्याचे पीक दिवाळीत टॉकीजला कापता आले. पण 'मोहब्बतें'ची लांबी तीन तास छत्तीस मिनिटे. बारा, तीन, सहा, नऊ हे चार खेळांचे ठरलेले वेळापत्रक त्यात बसत नाही. मध्यंतर, प्रेक्षक बाहेर काढणे, आत घेणे धरले तर एका खेळाला चार तास. चौथा खेळ ठेवायचा तर पहिला सकाळी लावायचा, नाहीतर शेवटचा मध्यरात्रीनंतर सुटणार आणि खेड्यांकडे परतणारा प्रेक्षक गमवायचा. 'मिशन कश्मीर' जवळपास एक तासाने लहान. दिवसातून एक खेळ जास्त म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात सात हाऊसफुल जास्त. कागदावर हे गणित छोट्या चित्रपटाच्या बाजूचे होते. प्रेक्षकांनी कौल लांबट चित्रपटाला दिला. 'मोहब्बतें' त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत गेला.

वेळेबरोबर दुसरी टंचाई प्रिंटची. पस्तीस मिलिमीटरची एक प्रिंट काढायला नंतरच्या काळात साठ हजारांच्या आसपास खर्च येई. तीन तासांच्या चित्रपटाची सतरा-अठरा रिळे. म्हणून प्रिंट अमरावती, अकोला, नागपूर, रायपूर अशा ए सेंटरांना पहिल्या दिवशी मिळे. अकोट, दर्यापूर, मोर्शी, कारंजा यांना ती उतरल्यावर, काही आठवड्यांनी, ओरखडे घेऊन. त्यांची दिवाळी टॉकीजपुरती उशिरा यायची. मोठ्या गावांत एकाच प्रिंटवर दोन टॉकीज चालवायची युक्ती होती: एका ठिकाणी खेळ अर्धा तास आधी सुरू करायचा आणि संपलेले रीळ सायकलवरून दुसऱ्या टॉकीजला पळवायचे. मध्येच फाटक लागले किंवा सायकल पंक्चर झाली की पडदा पांढरा आणि पब्लिकच्या शिट्ट्या. दिवाळीच्या तुफान गर्दीत हे करणाऱ्या पोरांची नावे कोणत्याही श्रेयनामावलीत नाहीत, आणि ती असायला हवी होती.

धंद्याचे वजन कुठे आहे, हे यशराज फिल्म्सने अचूक ओळखले. १९९७ च्या दिवाळीतल्या 'दिल तो पागल है'पासून त्यांनी स्वतःच्या वितरणाचा पाया घातला आणि पुढे देशात निवडक शहरांत शाखा उघडल्या. त्यांत मुंबई-दिल्ली-कोलकात्याच्या पंगतीत अमरावती होती. अमरावतीसाठी हा मान होता आणि धोकाही. कंपनी स्वतःच दारात आल्यावर एमजी देऊन हक्क घेणाऱ्या स्थानिक वितरकाची जागा आकसली. मोठा चित्रपट त्याच्या वहीत येईनासा झाला.

२००४ ची दिवाळी या बदलाच्या ऐन मध्यावर आली. १२ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी, चार चित्रपट एकदम: 'वीर-झारा', 'ऐतराज', 'नाच' आणि रंगीत होऊन परतलेला 'मुघल-ए-आझम'. १९६० च्या चित्रपटाने २००४ च्या दिवाळीत नव्यांशी टॉकीज वाटून घ्याव्यात, असा प्रसंग पुन्हा आला नाही. त्यानंतर २००६ मध्ये 'डॉन' आणि 'जानेमन', २००७ मध्ये 'ओम शांती ओम' आणि 'साँवरिया'. या 'साँवरिया'मागे सोनी हा हॉलीवूडचा स्टुडिओ पैसा घेऊन उभा होता आणि तो तरीही हरला.

पण वऱ्हाडातल्या २००६ च्या दिवाळीची गोष्ट चित्रपटांच्या नावांनी पुरी होत नाही. त्या वर्षी जुलैच्या पहिल्या दिवशी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या होत्या. कापसाच्या पैशावर उभा राहिलेला जो सण टॉकीज भरत असे, त्याच्या मुळाशीच पाणी नव्हते. मुंबईच्या ट्रेड मासिकांत 'डॉन'ची चर्चा रंगली होती तेव्हा सीपी बेरारच्या रकान्यात दडलेले हे वास्तव कोणत्याही आकड्यात उतरत नव्हते. या इतिहासाकडे पाहताना नटांची टक्कर आधी दिसते, शेत नंतर. क्रम उलटा हवा.

२०१२ मध्ये लढाई थेट न्यायाधिकरणात गेली. १३ नोव्हेंबरला, पुन्हा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, यशराजचा 'जब तक है जान' आणि अजय देवगणचा 'सन ऑफ सरदार' लागणार होते. देवगणच्या कंपनीने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली: एकपडदा टॉकीजवाल्यांना १५ ऑगस्टला 'एक था टायगर' हवा असेल तर त्यांनी दिवाळीला 'जब तक है जान'ही लावला पाहिजे, अशी अट यशराजने घातली आहे. ईदचा हुकमी एक्का दाखवून दिवाळीची जागा अडवायची, असा तो आरोप. आयोगाला त्यात प्रथमदर्शनी गैर आढळले नाही, अपिलातही प्रदर्शनाला स्थगिती मिळाली नाही. यश चोप्रांचे २१ ऑक्टोबरला निधन झाले होते. 'जब तक है जान' त्यांच्या पश्चात लागला. दोन्ही चित्रपटांनी शंभर कोटी ओलांडले. पण त्या तक्रारीने धंद्याचे एक गुपित उघड केले. चित्रपट चालेल की नाही हे प्रेक्षक ठरवतो. तो प्रेक्षकाला कुठे आणि किती वाजता भेटेल हे आधीच कुणीतरी ठरवलेले असते.

तोवर प्रिंटही इतिहासजमा होत होती. २००५ पासून यूएफओ मूव्हीजने उपग्रहावरून थेट टॉकीजमध्ये चित्रपट उतरवायला सुरुवात केली. पेटी नाही, पार्सल नाही, सायकल नाही. तालुक्याच्या टॉकीजला मुंबईबरोबर त्याच शुक्रवारी नवा चित्रपट मिळू लागला आणि उशिराच्या दिवाळीचा अन्याय संपला. ही गोष्ट निखळ चांगली झाली. पण तिनेच पहिल्या तीन दिवसांत सगळी कमाई ओरपायची घाई आणली, आणि टिकून चालणाऱ्या चित्रपटाला जागा राहिली नाही. २०१८ च्या पाडव्याला, ८ नोव्हेंबरला, 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' हजारो पडद्यांवर एकाच वेळी आदळला. पहिल्या दिवशी पन्नास कोटींच्या वर कमाई, आणि दुसऱ्या दिवसापासून घसरण. त्याच दिवशी लागलेल्या 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'ला चांगल्या वेळेचे खेळ मिळावेत म्हणून महाराष्ट्रात आवाज उठवावा लागला. प्रेक्षकांनी मराठी चित्रपट उचलून धरला आणि त्याचे खेळ वाढले. मराठी चित्रपटाला मराठी मुलखात दिवाळीच्या संध्याकाळची वेळ मागून घ्यावी लागते, हे दुखणे वऱ्हाडाला नवे नाही. इथल्या टॉकीजांवर हिंदीचा वरचष्मा पहिल्यापासून आहे, कारण सीपी बेरारचे अर्धे गिऱ्हाईक हिंदी मुलखातले.

घरातला पडदाही आता सणाला स्वस्थ बसत नाही. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाल्यापासून मराठी वाहिन्यांनी दिवाळी ताब्यात घेतली. मालिकेतल्या घरांत अभ्यंगस्नान, पाडव्याचे ओवाळणे, भाऊबीजेला परतलेला भाऊ. सुट्टीच्या दुपारी नव्या चित्रपटाचा 'वर्ल्ड टेलिव्हिजन प्रीमियर'. पुरस्कार सोहळ्यांचे तासन् तास चालणारे भाग. ब्रिटिश नाताळाशी तुलना खरी जुळते ती इथे. टॉकीजसाठी मात्र ही वाहिनी शत्रू आणि सावकार दोन्ही आहे, कारण प्रक्षेपणाचे हक्क आधी विकूनच आता चित्रपटाचा खर्च निघतो.

निर्णय कुठे होतात ते २०२३ ते २०२५ च्या तीन दिवाळ्यांनी स्पष्ट दाखवले. २०२३ मध्ये 'टायगर ३' चक्क रविवारी, १२ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच लागला. २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला 'सिंघम अगेन' आणि 'भूलभुलैया ३' भिडले. 'सिंघम'चे वितरण पीव्हीआर आयनॉक्सकडे होते, म्हणजे देशातली सर्वांत मोठी मल्टिप्लेक्स साखळीच वितरक झालेली. खेळांच्या वाटपावरून प्रदर्शनाच्या आदल्या दिवसापर्यंत खेचाखेची चालली आणि अखेर 'भूलभुलैया' किंचित पुढे राहिला. त्या वर्षी उत्तरेत बहुतेक ठिकाणी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला झाले, महाराष्ट्रात १ नोव्हेंबरला. २०२५ मध्ये तेच: उत्तरेत २० ऑक्टोबर, आपल्याकडे २१. 'थामा' आणि 'एक दीवाने की दीवानियत' हे दोन्ही चित्रपट २१ ला आले. दिल्लीसाठी तो पूजेनंतरचा मोकळा दिवस होता, अमरावती-अकोल्यासाठी पूजेची संध्याकाळ.

पंचांग उघडून हा फरक सांगणारा वितरक पूर्वी प्रत्येक टेरिटरीत बसलेला असे. त्याचा पैसा गुंतलेला असे, म्हणून त्याचे ऐकले जाई. सीपी बेरारचा रकाना तक्त्यात अजून छापला जातो. त्यात भरायचे आकडे आता संगणकावरून परस्पर मुंबईला जातात.